इन्नू क्रियापद: धातू कुठे संपतो आणि प्रत्यय कुठून सुरू होतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरीनिमित्त तुम्ही कॅनडातल्या क्युबेकमध्ये सेत-ईलला आहात. दवाखान्यात वाशात आणि पलीकडचं मानी-उतेनाम या वस्त्यांतली इन्नू, म्हणजे तिथली मूळनिवासी, माणसं येतात. त्यांच्याशी दोन शब्द त्यांच्या भाषेत बोलावेत म्हणून तुम्ही वही केलीत. वहीत 'आकुशु' म्हणजे 'तो/ती आजारी आहे' असं लिहिलंत, आणि त्यावरून 'मी आजारी आहे' हे 'नित-आकुशुन' असं बनवलंत. समोरच्या आजींनी ते 'नित-आकुशिन' असं दुरुस्त केलं. आता तुम्ही विचारता की हा 'इ' आला कुठून. शिवाय 'पाहणे' या एका क्रियेला 'वापमेउ' आणि 'वापातम्व' असे दोन धातू का, आणि 'तू मला पाहतोस' व 'मी तुला पाहतो' या दोन्ही वाक्यांच्या सुरुवातीला 'चि' कसा काय येतो?

तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. इन्नू क्रियापदात सगळा कारभार धातूच्या शेपटीत चालतो. आपण मराठी माणसं सवयीने धातूचं तोंड बघतो आणि शेवटी लागलं ते प्रत्यय म्हणून सोलून टाकतो. इन्नूत असं सोलायला गेलं की सालीबरोबर गरही निघून येतो.

आधी लेखनाबद्दल दोन शब्द. इन्नू रोमन लिपीत लिहितात, पण मी इथे सगळं देवनागरीतच देतोय. त्यांचा 'च' आपल्या 'चहा'तला, 'चमच्या'तला नव्हे. ओठ गोल करून म्हणायचा शेवटचा क किंवा म ते अक्षराच्या वर बारीक 'उ' काढून दाखवतात. तो मी 'क्व', 'म्व' असा लिहिलाय. त्यांच्या प्रमाण लेखनात ऱ्हस्व-दीर्घ दाखवत नाहीत. म्हणजे शाळेत आपण ज्यासाठी गुण घालवले ती वेलांटी त्यांच्याकडे नाहीच. देवनागरीत मात्र ऱ्हस्व-दीर्घ दाखवता येतं, ही आपली सोय. बोलताना ऱ्हस्व स्वर बरेचदा गिळले जातात, तेव्हा कानावर पडेल ते आणि इथे वाचाल ते यांत थोडा फरक राहणारच. गावागणिकही फरक आहेच: तुमच्याकडे 'इन्नु' म्हणतात, तर पश्चिमेला माश्तेउयाचला त्याच शब्दाचा 'इल्नु' होतो.

आता 'इ'कडे येऊ. इन्नू शब्दकोशात क्रियापद 'आजारी असणे' अशा रूपात मिळत नाही, कारण आपल्या 'णे'सारखं रूप त्या भाषेत नाहीच. शब्दकोशात दिलेलं असतं ते तृतीयपुरुषी एकवचन. म्हणजे 'आकुशु' हा धातू नाही, ते पूर्ण वाक्य आहे: 'तो आजारी आहे'. धातू आहे 'आकुशि'. तृतीयपुरुषाचा प्रत्यय 'उ'. दोन्ही जवळ आले की 'इ' त्या 'उ'मध्ये विरघळतो आणि 'आकुशु' तयार होतं. प्रथमपुरुषात प्रत्यय 'न' आहे. त्याच्यापुढे विरघळायचं काही कारण नाही, म्हणून 'इ' जागेवर राहतो: नित्-आकुशि-न. आजींनी 'इ' नव्याने घातला नाही. तो तिथे होताच, तुमच्या वहीत तेवढा दिसत नव्हता.

'निकमु' म्हणजे 'तो गातो'. दिसायला हे अगदी 'आकुशु'सारखंच. पण 'मी गातो' हे निनिकमुन, इथे 'उ' राहतो, कारण हा धातू मुळातच उकारान्त आहे. 'अपु' म्हणजे 'तो बसलाय'. तो उकारान्त वाटतो, पण 'मी बसलोय' हे नित्-अपि-न, म्हणजे धातू 'अपि'. मी शिकत होतो तेव्हा पहिले कित्येक महिने 'नितपुन' म्हणत होतो आणि समोरची माणसं सभ्यपणे काही बोलत नव्हती. सभ्य माणसांकडून भाषा शिकायला वेळ लागतो. तुमच्या आजींनी तिथल्या तिथे टोकलं, हे तुमचं भाग्य समजा.

आकारान्त आणि एकारान्त धातूंना ही भानगड नाही. निपाउ, 'तो झोपतो'. निनिपान, 'मी झोपतो'. अतुस्सेउ, 'तो काम करतो'. नित्-अतुस्से-न, 'मी काम करतो'. यावरून वहीचा नियम ठरवा: क्रियापद एकट्या तृतीयपुरुषात कधीच लिहू नका, शेजारी प्रथमपुरुष लिहाच. 'न' काढून उरेल तो धातू. पुढे लागणारे 'नि' आणि 'चि' आपल्या 'मी' आणि 'तू' यांचं काम करतात. पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर मध्ये 'त' घुसतो, म्हणून 'नित', 'चित'. 'चित-आकुशिन आ?' म्हणजे 'बरं वाटत नाहीये का तुम्हाला?' शेवटचा सुटा 'आ' हा आपला 'का'.

प्रत्ययांची पूर्ण ओळ एकदा 'निपा'वर पाहून घेऊ. निनिपान (मी), चिनिपान (तू), निपाउ (तो/ती), निनिपानान (आम्ही), चिनिपानाउ (तुम्ही), निपावत (ते/त्या). तो आणि ती यांत फरक नाही. लिंगभेद या भाषेत नाहीच. दुसरीकडे 'आम्ही' आणि 'आपण' हा आपल्याला प्रिय असलेला भेद त्यांच्याकडे आहे आणि तो पक्का पाळला जातो. इथे मराठी माणसाला आयतं घबाड मिळतं. फ्रेंच किंवा इंग्रजी बोलणाऱ्यांना तो भेद समजावताना माझा अर्धा तास जातो. तुम्हाला एवढंच सांगितलं की पुरे: 'आम्ही'चं रूप 'नि'ने सुरू होतं आणि 'आपण'चं 'चि'ने. म्हणजे 'आपण'मध्ये समोरचा माणूस आला की पुढचा मान त्याचा. ही गोष्ट लक्षात ठेवा, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे.

ओळीत एक चकवाही आहे. भविष्यकाळासाठी क्रियापदाआधी 'का' येतो आणि 'नि', 'चि' त्यालाच चिकटतात: निका निपान, 'मी झोपेन', चिका निपान, 'तू झोपशील'. मग 'तो झोपेल'? चिका निपाउ. इथला 'चि' म्हणजे 'तू' नव्हे. तृतीयपुरुषात भविष्याचा शब्दच 'चिका' आहे. 'पाऊस पडेल' यालाही 'चिका चिमुअन' म्हणतात आणि पावसाला कुणी 'तू' म्हणत नाही. तोंडाकडे पाहून फसाल. माणसाबद्दल बोलणं असेल तर शेपूट 'न' आहे की 'उ', हेच बघायचं.

आता दुसरा प्रश्न. 'पाहणे'ला दोन धातू का? खरं तर दोनच नाहीत, पण दोनांपासून सुरू करू. वापमेउ: तो सजीवाला पाहतो. वापातम्व: तो निर्जीव वस्तू पाहतो. पहिल्याचा धातू 'वापम', दुसऱ्याचा 'वापात'. पुढचा 'वाप' दोन्हीकडे तोच, बदललेली आहे ती शेपटी. प्रथमपुरुषात निवापमाउ, 'मी त्याला पाहतो', आणि निवापातेन, 'मी ते पाहतो'. दुसऱ्या प्रकारात तृतीयपुरुषी 'अम्व'च्या जागी 'एन' येतो हेही दिसतं. हा या वर्गाचा खास शिक्का आहे: तृतीयपुरुषात 'अम्व' आणि प्रथमपुरुषात 'एन' अशी जोडी दिसली की कर्म निर्जीव.

हे परकं वाटतं, पण स्वतःचं बोलणं ऐका. 'मी झाड पाहिलं', पण 'मी मुलाला पाहिलं'. मराठीतही कर्म जिवंत आहे की नाही यावर वाक्य बदलतं. आपण ती खूण 'ला' लावून नामावर करतो, इन्नू ती धातूच्या पोटात करते. आणि क्रियापदाने कर्माकडे बघणं आपल्याला नवीन कुठे आहे? 'त्याने आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, केळं खाल्लं' यात क्रियापद खाणाऱ्याला विचारतही नाही.

अकर्मक क्रियापदांतही हीच फाळणी आहे, फक्त तिथे कर्त्यावरून. वापाउ म्हणजे 'ते पांढरं आहे', वस्तूबद्दल. माणूस, कुत्रा किंवा ससा पांढरा असेल तर धातू होतो 'वापिशि'. मिक्वाउ, 'ते तांबडं आहे', सजीवासाठी 'मिकुशि'. पांढरं असणं, तांबडं असणं ही त्यांच्याकडे क्रियापदं आहेत. विशेषण नावाचं वेगळं दालन शोधत बसू नका.

म्हणजे क्रियापदांची चार घरं झाली: निर्जीव कर्ता, सजीव कर्ता, निर्जीव कर्म, सजीव कर्म. ही चौकट आज सगळ्या अल्गाँकियन, म्हणजे इन्नूच्या कुळातल्या, भाषांच्या व्याकरणात वापरतात आणि ती रूढ झाली ती लेनर्ड ब्लूमफील्ड या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञामुळे. आपल्यासाठी मजेची गोष्ट म्हणजे हा गृहस्थ पाणिनीचा भक्त होता. अष्टाध्यायीच्या सूत्रांवर त्याने लेखन केलं आणि १९३३ साली पाणिनीच्या व्याकरणाला मानवी बुद्धीच्या सर्वात मोठ्या स्मारकांत बसवलं. पुढे १९३९ मध्ये त्याने मेनोमिनी या इन्नूच्याच दूरच्या चुलतबहिणीबद्दल लिहिलं. त्यात मूळ रूपापासून निघून क्रमाने लागणाऱ्या नियमांनी उच्चारलेल्या रूपापर्यंत जायचं, ही चाल उघड उघड पाणिनीची आहे. 'आकुशि' अधिक 'उ' बरोबर 'आकुशु' हे मी वर सांगितलं ते त्याच पठडीतलं. पुण्यातल्या पाठशाळेत संधी घोकलेला मुलगा इन्नू शब्दरूपांत लवकर रमतो, हे मी वर्गात पाहिलंय.

सजीव-निर्जीवाचा भेद युरोपीय लोकांच्या नजरेला आला तो फार आधी. पॉल ल जन नावाचा जेझुइट पाद्री १६३३-३४ चा हिवाळा याच लोकांच्या पूर्वजांबरोबर बर्फात भटकला. १६३४ च्या आपल्या वृत्तांतात भाषेवर एक प्रकरण लिहून त्याने नोंदवलं की जिवंत वस्तूसाठी एक क्रियापद लागतं आणि निर्जीव वस्तूसाठी दुसरं. बिचारा त्या क्रियापदांच्या संख्येने हबकून गेला होता. त्याची कीव येते, कारण त्याच्याकडे ना शब्दकोश होता, ना टोकणाऱ्या आजी.

सजीव कोणाला म्हणायचं याचे मात्र स्वतःचे कायदे आहेत. माणूस, प्राणी, झाडं सजीव. उभं झाड सजीव. तेच तोडून त्याची काठी किंवा लाकूड झालं की निर्जीव. बर्फावर चालायचे जाळीदार बूट सजीव. तंबाखूची चिलीम सजीव. कारण शोधू नका. आपल्याकडे खुर्ची ती, टेबल ते आणि पलंग तो का, हे परक्याने विचारलं तर आपण काय सांगणार आहोत?

आता धातूच्या पोटात शिरू. मला विचाराल तर या भाषेची खरी श्रीमंती इथे आहे, प्रत्ययांत नाही.

मराठीत काठी मोडते, काच फुटते, दोरी तुटते, कापड फाटतं. वस्तूचा पोत बदलला की आपण सगळा धातूच बदलतो. 'दोरी फुटली' असं लहान मूल म्हणालं तर आपण हसतो. शिवाय आपोआप झालं की कुणी केलं यासाठी जोड्या आहेत: फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, फाटणे-फाडणे. तिथेही धातूच्या शेपटीपाशी ट चा ड होतो.

इन्नू हेच काम तुकडे जोडून करते. 'पीकु' हा एक तुकडा: मोडलेलं, बिघडलेलं. त्याला 'न' जोडला की हाताने: पीकुनम्व, 'तो ते हाताने मोडतो'. 'श्क' जोडला की पायाने किंवा अंगाच्या भाराने: पीकुश्कम्व, 'तो पाय देऊन मोडतो'. 'पित' जोडला की ओढून: पीकुपितम्व. आणि 'पानु' जोडला की कुणी काही न करता, आपसूक: पीकुपानु, 'ते मोडलं, बंद पडलं'. गाडी रस्त्यात बंद पडली तरी हाच शब्द. तुमच्या दवाखान्यातलं यंत्र बसलं की म्हणून बघा.

बघा, 'अम्व' सगळीकडे तोच आहे. तो प्रत्यय, तो 'कोण' सांगतो. त्याच्या आधीचा तुकडा 'कशाने' सांगतो, आणि तो धातूचा भाग आहे, प्रत्ययाचा नाही. शिकणारे इथेच गल्लत करतात. 'नम्व', 'श्कम्व' असे अख्खे शेवट प्रत्यय म्हणून पाठ करतात आणि मग 'मी हाताने मोडतो' म्हणताना अडकतात. कापायचं ते 'न'च्या नंतर: धातू 'पीकुन', म्हणून नि-पीकुन-एन.

याहून लोभस प्रकार आकाराचा. 'मिक्व' म्हणजे तांबडं. नुसतं तांबडं ते मिक्वाउ. पण तांबडी वस्तू कापडासारखी पातळ पसरट असेल तर मिक्वेकन. दोरीसारखी लांबट लवचीक असेल तर मिक्वापेकन. काठीसारखी ताठ असेल तर मिक्वाश्क्वन. दगड किंवा धातूची असेल तर मिक्वापिश्काउ. हेच तुकडे उचलून दुसऱ्या शब्दात घाला. चिन्वाउ, 'ते लांब आहे'. चिन्वापेकन, 'ते लांब आहे आणि दोरीसारखं आहे'. चिन्वाश्क्वन, 'ते लांब आहे आणि काठीसारखं आहे'. उंच माणसासाठी किंवा झाडासाठी याच काठीच्या तुकड्यावरून धातू होतो 'चिन्वाश्कुशि'. आपण 'काय ताडमाड वाढलाय!' म्हणतो ना, तसंच, फक्त त्यांच्याकडे ते व्याकरणात आहे.

म्हणजे कुणी 'मिक्वेकन' एवढंच म्हटलं तर नाम न ऐकताही कळतं की बोलणं कापडाबद्दल किंवा कागदाबद्दल चाललंय, काठीबद्दल नाही. मी सुरुवातीला हे तुकडे वेगळे पाठ करायचो. ते चुकलंच. एक रंग घ्यावा, घरातल्या वस्तू समोर मांडाव्यात आणि फिरून फिरून म्हणावं. दवाखान्यात तर सोय उत्तम आहे: बँडेजची पट्टी, सलाइनची नळी, काठी, स्टीलचा ट्रे. चार वस्तूंत चार तुकडे होतात.

आता तिसरा प्रश्न, 'चि'चा. सजीवाला सजीव पाहतो तेव्हा दोन माणसं आली. तोंडाशी जागा एकच. ती कुणाला द्यायची? इन्नूत मानाची उतरंड आहे: आधी 'तू', मग 'मी', मग 'तो'. वाक्यात जो वरचा, त्याची खूण पुढे लागते, मग तो पाहणारा असो की पाहिला जाणारा. पाहतंय कोण, हे शेपटी सांगते.

मी आणि तो असतील तर 'मी' वरचढ, म्हणून दोन्हीकडे 'नि': निवापमाउ, 'मी त्याला पाहतो', निवापमिक्व, 'तो मला पाहतो'. 'आउ' म्हणजे क्रिया वरून खाली वाहते, 'इक्व' म्हणजे खालून वर. मी आणि तू असू तर 'तू' वरचढ, म्हणून दोन्हीकडे 'चि': चिवापमिन, 'तू मला पाहतोस', चिवापमितिन, 'मी तुला पाहतो'. म्हणजे तुमच्या वहीतली दोन्ही वाक्यं बरोबर होती. चूक एवढीच की तुम्ही 'चि'ला कर्ता समजलात. तो कर्ता नव्हे, पंगतीत पहिल्या पाटावर बसलेला पाहुणा आहे. वाढतंय कोण हे बघायला पंगतीच्या टोकाला जायला हवं.

दोघेही तृतीयपुरुषी असले की उतरंड चालत नाही, म्हणून भाषा एकाला जवळचा आणि दुसऱ्याला लांबचा ठरवते. लांबच्या नामाला 'आ' लागतो. नापेउ म्हणजे पुरुष, इश्क्वेउ म्हणजे बाई. 'नापेउ वापमेउ इश्क्वेवा' म्हणजे पुरुष बाईला पाहतो. 'नापेउ वापमिकु इश्क्वेवा' म्हणजे बाई पुरुषाला पाहते. नामं जिथल्या तिथे, बदललं फक्त शेपूट. दुसऱ्या वाक्याला मराठीत 'पुरुष पाहिला जातो' असं कर्मणी करू नका. त्यांच्या कानाला ते साधंच वाक्य आहे. गोष्ट पुरुषाची चालली असेल तर पुरुष जवळचा राहतो, एवढंच. आपल्याकडे 'तो त्याला म्हणाला की तो येणार नाही' या वाक्यात न येणारा कोण, यावर घरात भांडण होऊ शकतं. इन्नूत त्या भांडणाला जागाच राहत नाही.

दवाखान्यात तुम्हाला याची गाठ रोज पडेल, कारण तृतीयपुरुषी माणसाचं जे कुणी सजीव असेल, त्याचा मुलगा, तिचा नवरा, ते आपोआप लांबचं होतं. 'उकुस्सा' म्हणजे त्याचा मुलगा. 'त्याचा मुलगा आजारी आहे' याला 'उकुस्सा आकुशु' म्हणाल तर चुकेल. म्हणायचं 'उकुस्सा आकुशिनुआ'. 'नुआ' हा लांबच्याचा प्रत्यय. आणि बघा, तो लागला तेव्हा तुमचा हरवलेला 'इ' पुन्हा वर आलाच.

इथवरचं सगळं साध्या विधानांचं झालं. गौण वाक्यात मात्र प्रत्ययांचा दुसराच संच लागतो. त्यात पुढे 'नि', 'चि' काहीच नसतं, सगळा भार शेपटीवर: निपायान (मी झोपतो ते), निपायिन (तू), निपात (तो). धातू तोच. हा संच 'पुढे कधीतरी' म्हणून टाळू नका, कारण साधा नकारसुद्धा त्याच्याशिवाय होत नाही. नकाराचा शब्द आहे 'अपु', आणि त्याच्यामागे हाच संच येतो: अपु निपात, 'तो झोपलेला नाही', अपु निपायान, 'मी झोपलेलो नाही'. 'मला माहीत नाही' हे तुम्ही दिवसातून दहादा ऐकत असाल: अपु चिस्सेनितमान. आणि हो, 'तो बसलाय' तेही लिहिताना 'अपु'च. दोन्ही एकाच पानावर आले की पुढचा शब्द बघायचा. पुढे 'त', 'यान' अशा, या संचातल्या शेपटीचं क्रियापद दिसलं तर तो नकार, नाहीतर माणूस निवांत बसलाय.

याखेरीज प्रत्ययांचे आणखी संच आहेत. एखादी गोष्ट स्वतः पाहिली नाही, बर्फातल्या पावलांवरून किंवा विझलेल्या चुलीवरून कळली, हे सांगायलाही क्रियापदाची शेपटीच बदलते. आपण 'येऊन गेला असावा', 'आला असेल' म्हणतो, ते काम. पण त्यात आत्ता शिरू नका. आपल्या शाळेतल्या ताख्यात, लाख्यात, वाख्यातासारखा तो वर्षभराचा अभ्यास आहे आणि वर्तमानकाळ तोंडात बसल्याशिवाय तो पचत नाही.

शेवटी एक शब्द, कारण तुमच्या वहीत तो उद्या येणारच आहे आणि वरच्या सगळ्या नियमांना तो चिमटा काढतो. खाणे.

नुसतं 'तो जेवतो' म्हणायचं तर मीचिशु. उकारान्त धातू, 'मी जेवतो' निमीचिशुन. सजीव काही खाल्लं तर मुएउ. 'मी ते खातो' निमुआउ. आणि निर्जीव काही खाल्लं तर? चार घरांच्या हिशोबाने इथे शेवटी 'अम्व' हवा आणि 'मी' म्हणताना 'एन' हवा. येतं मात्र 'मीचु', आणि 'मी ते खातो' हे 'निमीचिन'. अर्थ सकर्मक, पण वेश पूर्ण अकर्मकाचा, आणि धातू 'मीचि', म्हणजे विरघळणारा 'इ' पुन्हा हजर. शब्दकोशात नुसतं 'मीचु' वाचून कुणीही 'निमीचुन' म्हणेल. मीही म्हणालो होतो.

आणि मग कोणतं खाणं सजीव? मासा सजीव आहे हे पटतं. मांस निर्जीव, हेही चालेल. पण तिथली तव्यावरची जाडसर भाकरी, पाक्वेशिकन, ती सजीव आहे. म्हणून 'मी भाकरी खातो' म्हणताना 'निमीचिन' चालत नाही, 'पाक्वेशिकन निमुआउ' म्हणावं लागतं. मराठी मनाला ते 'मी भाकरीला खाल्लं' असं ऐकू येतं. आजींनी पुढच्या वेळी डब्यातून तुकडा दिला तर आधी हे वाक्य म्हणा, मग खा.